खेड्यात राहून रोज काही चांगलं वाचायचं-ऐकायचं कसं? नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

"मलाही वाचायचंय, पण कुठून सुरू करू?" बचत गटाच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात, यष्टीच्या थांब्यावर हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला, की एकदा सगळं नीट लिहूनच काढावं असं वाटलं. मी आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. घरची कोरडवाहू शेती आहे, गटाचं काम आहे. गावात पुस्तकाचं दुकान नाही. तालुक्याच्या दुकानात शाळेची गाइडं आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकंच जास्त. तरीही हातात काही ना काही चांगलं रोज येत राहतं, आणि ते कसं येतं याची वाट आता मला पक्की ठाऊक झाली आहे.

चांगले बोल मिळणं आजकाल अवघड राहिलेलं नाही. मोबाइल उघडला की सकाळी सकाळी ढीग येऊन पडलेला असतो. त्यातला एक धरून ठेवणं, तो खरंच कोणाचा आहे हे पाहणं आणि आपल्या त्या दिवसाच्या एखाद्या कामाशी त्याला बांधणं, एवढं मात्र आपल्यालाच करावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

काय काय लागेल

- दोनशे पानी एक वही. चांगली शिवलेली घ्या. सुटी पानं हरवतात.
- पेन, आणि वहीला दोरीनं बांधलेलं दुसरं पेन. घरात पोरं असली की पहिलं जागेवर राहत नाही.
- वाचनालयासाठी आधार कार्डाची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो, अनामत रक्कम आणि वर्गणी.
- साधा रेडिओ किंवा रेडिओ चालणारा मोबाइल.
- सप्ताह, जयंत्या आणि यात्रा दाखवणारं भिंतीवरचं कॅलेंडर.

१. आधी वेळ ठरवा, पुस्तक नंतर

वाचायची वेळ ठरली नाही तर आणलेलं पुस्तक फळीवर धूळ खातं. वेळ ठरवताना आपला हंगाम बघा. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे वाचणं जमत नाही, तेव्हा दुपारच्या भाकरीनंतरची थोडी उसंत धरा. ओलिताला रात्रीची लाइन असेल तर मोटर चालू करून धुऱ्यावर बसावंच लागतं. तो ऐकायचा वेळ. रोही (नीलगाय) आणि डुकरं हाकलायला जागलीवर जाणाऱ्यांनाही हाच वेळ कामाचा. फक्त आवाज एका कानापुरता ठेवा, दुसरा कान वावराकडे.

सुरुवातीला रोज दोन पानांच्या वर जाऊ नका. जास्त वाचावंसं वाटलं तरी थांबा आणि उद्यासाठी ठेवा.

२. वाचनालयाचं सभासद व्हा

आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे. त्याखाली अनुदान मिळणाऱ्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. मोठ्या गावात 'ड' किंवा 'क' वर्गाचं वाचनालय असण्याची शक्यता बरीच असते, आणि गावातल्याच कितीतरी जणांना ते माहीत नसतं. ग्रामपंचायतीत विचारा. तिथं समजलं नाही, तर जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचं कार्यालय असतं. जिल्ह्यात कुठल्या गावी मान्यताप्राप्त वाचनालय आहे याची माहिती तिथं मिळते.

सभासद होताना एक अर्ज भरावा लागतो. काही ठिकाणी आधीच्या सभासदाची ओळख म्हणून सही मागतात, म्हणून ओळखीच्या कुणाला तरी बरोबर न्या. अनामत परत मिळणारी असते, वर्गणी परत मिळत नाही. दोन्हीच्या वेगळ्या पावत्या घ्या आणि अनामतीची पावती वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवून टाका. पुढं गाव बदललं किंवा सभासदत्व सोडलं, तर ती पावतीच कामी येते.

इथं नव्या माणसाला हमखास अडवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली, बरीच लहान वाचनालयं संध्याकाळीच उघडतात. दारावर कुलूप दिसलं म्हणून परत फिरू नका. शेजारच्या दुकानात वेळ विचारा. दुसरी, आत गेल्यावर टेबलावर वर्तमानपत्रं आणि चार मासिकं एवढंच दिसतं, पुस्तकं कपाटात बंद असतात. लाजू नका. ग्रंथपालांना "दाखल रजिस्टर बघू का, भाऊ?" असं सरळ विचारा. आलेलं प्रत्येक पुस्तक त्यात लिहिलेलं असतं. त्यातून दहा नावं वहीत उतरवून घ्या आणि पुढच्या वेळी नाव सांगूनच मागा. मागणारं कुणी आलं, की ग्रंथपालालाही हुरूप येतो. हे मी आमच्याकडे पाहिलं आहे.

वाचनालय नसेलच, तर जिल्हा परिषद शाळेत पुस्तकांची पेटी असते. मुख्याध्यापकांना विनंती केली तर पालकांनाही पुस्तक मिळतं. १५ ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीनिमित्त शाळांमध्ये वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी पुस्तकं बाहेर मांडलेली असतात, तेव्हा जाऊन बघून या.

३. पहिलं पुस्तक कोणतं घ्यायचं

यावर माझं मत ठाम आहे. 'यशस्वी व्हा', 'श्रीमंत व्हा' छापाची पुस्तकं पहिल्यांदा घेऊ नका. त्यातला माणूस बहुधा परदेशातला, त्याची अडचण वेगळी, त्याचा उपाय आपल्या वावरात लागू पडत नाही. वाचताना बरं वाटतं आणि आठवड्याभरानं काहीच आठवत नाही. आपल्याच मातीत राहून, आपल्यासारख्याच लोकांपुढं कुणी काही बोललं असेल, तिथून सुरुवात करा. विदर्भात असं धन भरपूर आहे.

आमच्या वर्ध्याला लागून पवनार आहे, धाम नदीच्या काठी. तिथं राहिलेल्या विनोबांची 'गीता प्रवचने' कशी झाली ते ऐका. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी एक अध्याय, अशी फेब्रुवारी ते जून त्यांनी कैद्यांपुढं अठरा प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तुरुंगातल्या साध्या माणसांना समजावीत म्हणून बोललेली, म्हणून भाषा सोपी. शिवाय एकेक प्रवचन सुटं वाचता येतं. नवीन वाचणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे. आठवड्याला एक प्रवचन, तेही तुकडे पाडून, एवढंच धरा.

दुसरं, तुकडोजी महाराजांची ग्रामगीता. १९५५ च्या या ग्रंथात ४१ अध्याय आहेत, ओव्यांत. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचलीच पाहिजे, असं समजून बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायाशी दमतात. अनुक्रमणिका उघडा आणि आपल्या आजच्या अडचणीचा अध्याय काढा. गावची स्वच्छता, आरोग्य, शिक्षण, श्रम, बायकांची उन्नती असे सरळ गावाचेच विषय त्यात आहेत. ग्रामपंचायतीच्या एखाद्या भांडणानं मन विटलं असेल, तर त्याच रात्री त्यातलं पान उघडून बघा.

तिसरं, महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. फुल्यांचं समग्र वाङ्मय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९६९ साली प्रसिद्ध केलं. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड राज्य सरकारच काढतं. हे ग्रंथ शासकीय ग्रंथागारात मिळतात, नागपूरलाही ते आहे, आणि किंमत पानांच्या मानानं फार कमी असते. खंड जाड असतात म्हणून घाबरू नका. भाषणांपासून सुरुवात करा. ती माणसांसमोर उभं राहून केलेली असल्यामुळं लवकर समजतात. मंडळाची पुष्कळ पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवूनही घेता येतात. गावात रेंज नसली तर तालुक्याला गेल्यावर उतरवून आणा.

पुस्तक आवडलं नाही तर सोडून द्या. वीस-पंचवीस पानं वाचूनही मन लागत नसेल, तर ते परत करून दुसरं आणण्यात काहीही गैर नाही.

४. व्याख्यान, कीर्तन, सप्ताह: जा, पण तयारीनं जा

खेड्यात ऐकायला मिळत नाही, हा गैरसमज आहे. कॅलेंडर घ्या आणि खुणा करायला लागा. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊ जयंती असते; भाषणं असतात आणि पुस्तकांची दुकानं लागतात. ११ एप्रिल फुले जयंती आणि १४ एप्रिल आंबेडकर जयंती, या चार दिवसांत गावोगाव व्याख्यानं असतात. दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण म्हणून लाखो माणसं येतात. तिथली पुस्तकांची दुकानं एकदा तरी बघावीत. खेड्यातली माणसं पोटाला चिमटा घेऊन आणलेल्या पैशातून पुस्तकांच्या पिशव्या भरून नेतात. ते पाहून मला जे बळ मिळतं, ते कुठल्याही भाषणानं मिळालेलं नाही. तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास गुरुकुंज मोझरीला मोठ्या प्रमाणावर साजरी होते, खंजिरी भजनांसह. नोव्हेंबरातच विनोबांच्या पुण्यतिथीला पवनारला माणसं जमतात. सेवाग्रामला गांधीजी १९३६ साली राहायला आले. तिथल्या आश्रमात संध्याकाळची प्रार्थना आजही होते, आणि तिला बसायला कुणाची परवानगी लागत नाही. तरुण पोरांसाठी मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांच्या कामातून सुरू झालेली श्रमसंस्कार छावणी असते. तिथं दिवसा हातानं काम आणि नंतर बोलणं-ऐकणं. माझ्या मते वीस वर्षांच्या मुलाला यासारखं दुसरं ठिकाण नाही.

ऐकायचं कसं, हे गाडगेबाबांच्या कीर्तनावरून शिकावं. ते अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचे, जन्म १८७६ चा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कीर्तनात ते समोरच्यांना प्रश्न विचारत, लोकांकडून उत्तर वदवून घेत आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न टाकत. ऐकणारा गप्प बसूच शकत नसे. त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळतं, जरूर ऐका. आताचे वक्ते प्रश्न विचारत नाहीत, म्हणून आपला प्रश्न आपणच घेऊन जायचा. घरून निघतानाच वहीत एक ओळ लिहा: आज मला कशाबद्दल ऐकायचंय? पोराच्या शिक्षणाबद्दल, दारूबद्दल, कर्जाबद्दल, काहीही. परत आल्यावर त्याच ओळीखाली जे मिळालं ते लिहा. काही मिळालं नाही तर 'नाही' असं लिहा.

इथल्या खबरदाऱ्या:

- शेवटची यष्टी किती वाजता, ते आधी बघा. व्याख्यानं उशिरा सुरू होतात. बायामाणसांनी चौघींनी मिळून गाडी सांगितली तर घरचेही अडवत नाहीत.
- एका जातीची किंवा धर्माची निंदा करून टाळ्या घेणारा वक्ता असेल, तर उठून या. तिथून घरी काय न्यायचं? राग तेवढा येतो बरोबर.
- 'एक दिवसाचं प्रेरणा शिबिर' म्हणून पैसे घेऊन बोलावतात आणि शेवटी माल विकायची साखळी गळ्यात बांधतात. सुरुवातीला भाषण फार गोड असतं. आधार, बँकेचं पासबुक किंवा 'आणखी दोन मेंबर आणा' असं काही मागितलं, की तिथंच थांबा.
- वक्त्यानं एखादी गोष्ट सांगितली तर ती कुठल्या पुस्तकात आहे, हे कार्यक्रमानंतर विचारा. चांगला वक्ता आनंदानं सांगतो, उलट त्याला बरंच वाटतं.

५. वही कशी लिहायची

वही नसेल तर वाचलेलं-ऐकलेलं सगळं वाहून जातं. म्हणून या पायरीवर घाई करू नका.

आपल्याच भागात यासाठी सातशे वर्षांपूर्वीचा धडा आहे. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्राचं काम केलं. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेले होते. त्यांचं बोलणं, वागणं लोकांच्या आठवणीत होतं. म्हाइंभट त्या त्या माणसाकडं गेले, ज्यानं ऐकलं-पाहिलं त्याच्या तोंडून आठवणी गोळा केल्या आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून त्या पारखून घेतल्या. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ असा, विचारून विचारून तयार झाला. आता मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपूरलाच आहे.

आपल्या दोनशे पानी वहीला हीच रीत लावा. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असाव्यात:

वाक्य काय. जसंच्या तसं, आपल्या शब्दांत 'सुधारून' नाही.
कोणाचं. पुस्तक असेल तर नाव आणि पान. माणूस असेल तर त्यांचं नाव आणि गाव.
कधी आणि कशावरून. बोलणारा माणूस त्या वेळी काय करत होता, विषय काय निघाला होता.
माझ्या कुठल्या कामाला लागेल. ही ओळ रिकामी राहिली तरी चालेल, पण तिची जागा सोडा.

तिसऱ्या ओळीला लोक कंटाळतात, पण तीच सगळ्यात मोलाची. प्रसंग गेला की बोल पोकळ होतो. 'धीर धरा' हे कुणीही म्हणतं. उभं सोयाबीन काढणीच्या वेळी पावसात भिजत असताना, ताडपत्रीचं टोक धरून कुणी ते म्हटलं असेल, तर ते वेगळं असतं.

दिवसाला एकच नोंद करा. रंगीत पेनं, चित्रं, ठळक अक्षरं यात वेळ घालवू नका. महिन्याच्या शेवटी वही मागून पुढं वाचा आणि ज्या नोंदी अजूनही मनाला लागतात त्यांच्यापुढं फुली मारा. बाकीच्या राहू द्या, खोडू नका. पुढं दिवस बदलतात आणि तेव्हा न कळलेलं वाक्य आता कळतं.

६. जुन्या माणसांना विचारा

माझे सासरे, त्यांना आम्ही मामाजी म्हणतो, शाळेत फार गेले नाहीत. जूनमध्ये पहिला पाऊस आला की शेजारी तिफण जुंपतात आणि सगळ्यांचा जीव वरखाली होतो. तेव्हा ते म्हणतात, "दुसऱ्यानं पेरलं म्हून आपून पेराचं नाई. वावरात जा, माती मुठीत धरून पाय." कृषी विद्यापीठवाले सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मामाजींनी मिलिमीटर कधी मोजले नाहीत, पण बोलणं तेच आहे. मी ते वाक्य वहीत लिहिलं, आणि पोरीच्या कॉलेजचा प्रवेश ठरवताना ते मला आठवलं: सगळे एकाच कोर्सला धावत होते म्हणून आम्ही धावलो नाही, आधी तिला काय येतं ते पाहिलं.

अशी माणसं प्रत्येक घरात आहेत. पण "आजी, काहीतरी चांगलं सांगा" म्हटलं की त्या लाजून गप्प बसतात. म्हणून असं विचारत चला:

कामात विचारा. डाळ पाखडताना, वाती वळताना, शेंगा फोडताना त्यांच्यासोबत बसा. हात चालू असले की बोलणं आपोआप येतं.
प्रसंग विचारा, उपदेश विचारू नका. "दुष्काळात घर कसं चालवलं, मामी?" "पहिल्यांदा मजुरीला गेल्या तेव्हा कोण सोबत होतं?" "भाऊ वेगळे झाले तेव्हा वाटणी कशी केली?" अशा प्रश्नांवर त्या तासभर बोलतात, आणि मधेच एखादं वाक्य असं येतं की हातातलं काम थांबतं.
मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर फक्त ऐका, आणि घरी येऊन लिहा.
लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. त्या दुरुस्त करतात, कधी भर घालतात. आपलं बोलणं वहीत लिहिलं गेलं, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

घरातले वाद, कुणाची बदनामी होईल अशा गोष्टी वहीत उतरवू नका. विश्वासानं सांगितलेलं तिथंच राहू द्यावं.

७. वाचता येत नसेल किंवा डोळे साथ देत नसतील तर

अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज, जन्म १८८१. तान्हेपणीच, वर्षाचे व्हायच्या आत, त्यांची दृष्टी गेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत त्यांनी शास्त्रं आत्मसात केली, आणि १९१५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले तोवर शंभरावर ग्रंथरचना केली. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. तेव्हा 'मला वाचता येत नाही' म्हणणाऱ्या कुणालाही मी हेच सांगते: वाचून घ्या.

घरातल्या सहावी-सातवीच्या लेकराला रोज एक पान मोठ्यानं वाचायला लावा. त्याचं वाचन सुधारतं आणि तुमचं ऐकणं होतं. लेकरू अडखळलं तर रागावू नका. पहाटेच्या वेळी आकाशवाणीवर भक्तिगीतांच्या आसपास चिंतनाचं छोटं बोलणं लागतं. चूल पेटवताना ते ऐकता येतं. वीज नसली तरी सेलवरचा रेडिओ चालतो.

८. मोबाइलवरचे सुविचार पारखून घ्या

सूर्योदयाचं चित्र, खाली एक वाक्य आणि त्याखाली कलाम, विवेकानंद किंवा बाबासाहेबांचं नाव. यातली कितीतरी वाक्यं त्या माणसांची नसतात. एक उदाहरण द्यायचं तर सेवाग्रामच्या इतक्या जवळ राहून सांगायलाच हवं: 'जगात जो बदल तुम्हाला पाहायचा आहे, तो बदल तुम्ही स्वतः व्हा' हे गांधीजींचं म्हणून सगळीकडे फिरतं. या शब्दांत ते त्यांच्या लिखाणात सापडलेलं नाही. त्या अर्थाच्या जवळ जाणारा एक उतारा त्यांनी १९१३ साली लिहिलेला आहे, पण तो लांब आहे आणि त्याचं म्हणणं अधिक खोल आहे. त्यांच्या समग्र लेखनाचे १०० खंड आहेत आणि ते इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतात.

वाक्य आलं की आधी खाली पुस्तकाचं नाव, भाषणाची जागा किंवा साल आहे का, ते बघा. काहीच नसेल तर वहीत ते 'अज्ञात' म्हणून लिहा. वाक्य चांगलं असेल तर नाव नसल्यानं ते वाईट होत नाही. शंका असेल तर पुढं ढकलू नका. माणसाची माहिती हवी असेल तर मराठी विश्वकोश संकेतस्थळावर फुकट आहे. तिथं त्या माणसाची नोंद वाचली की तो असं बोलला असेल का, याचाही अंदाज येतो.

स्पर्धा परीक्षेच्या पोरांना विशेष सांगते. रात्री बारा वाजेपर्यंत जोशाचे व्हिडिओ बघून अभ्यास होत नाही. अंगावर काटा येतो, आपण काहीतरी केलं असं वाटतं, आणि पुस्तक तसंच मिटलेलं राहतं. दिवसाला एक व्हिडिओ, तोही अभ्यास झाल्यावर.

चांगल्या शब्दांनी सगळं बरं होत नाही

आपल्या भागात हे स्पष्ट बोललं पाहिजे. कर्जाचा फास, नापिकी, घरातली मारहाण, सलग कित्येक रात्री झोप नाही, जगावंसं वाटत नाही: अशा माणसाला सुविचार पाठवू नका. 'हिंमत ठेवा' म्हणून निघून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा, आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा, नंबर लावून द्या. तो सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. गावच्या आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. हा नंबर वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

९. चौघी-चौघांनी मिळून वाचा

एकट्यानं वाचन दोन महिन्यांत सुटतं, असं मी आजूबाजूला पाहत आले आहे. चार जण असले तर टिकतं. आमच्याकडे बचत गटाची बैठक झाली, हप्ते जमा झाले, की लगेच एक पान वाचायचं, असं ठरलं आहे. वेगळा दिवस ठेवला तर कुणी येत नाही. असलेल्या बैठकीला जोडलं की सगळ्या थांबतात. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना तुमच्या गावात होत असेल, तर तिच्यानंतरची पंधरा मिनिटंही मागून बघा.

एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मग प्रत्येकीनं एकच सांगायचं: यातलं काय माझ्या घरी उद्या होऊ शकतं? मोठमोठ्या गोष्टी सांगू द्यायच्या नाहीत. 'सुनेला तिच्या माहेरी फोन करायला स्वतःहून सांगीन', 'पोराला मारण्याआधी त्याचं ऐकून घेईन', 'शौचालयाची टाकी बघून घेईन' एवढं चालतं. पुढच्या बैठकीत आधी तेच विचारायचं: झालं का? झालं नसेल तर रागवायचं नाही, कारण विचारायचं. कित्येकदा कारण ऐकूनच दुसऱ्या कुणीतरी मदतीला उभ्या राहतात.

वाचणारी दरवेळी बदला, नाहीतर एकीच्याच हाती सगळं जातं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बोलायला आधी संधी द्या. गटात पक्षाचा प्रचार आणि देणगी मागणं येऊ देऊ नका. पुस्तक वाचनालयाचं असेल तर ते कोणाच्या घरी आहे हे गटाच्या रजिस्टरमध्येच लिहा. हरवलं तर भरपाई सगळ्यांनी मिळून द्यायची, हे आधीच ठरवून टाका.

मृग लागला की पेरणी, मग निंदण-डवरणी, कुणालाच उसंत नसते. त्या दिवसांत बैठकीचा आग्रह धरू नका, वाचन आपापल्या घरी चालू द्या. पोळा झाला की पुन्हा बसा, आणि पहिल्या बैठकीला पुस्तक न उघडता प्रत्येकीनं पावसाळ्यात आपल्या वहीत लिहिलेली एक ओळ वाचून दाखवा.